प्रयाग त्या सकाळी कुठं होती

माझं अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथी झाली आणि धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी बसवलं, त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ओळी वर-खाली जातील. वाचता येणार नाही तिथं सोडून पुढं जा.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हा सुद्धा घाईनं दुसरंच काहीतरी बोलते — ही गोष्ट मधे येऊ नये म्हणून. तू कोण आहेस मला ठाऊक नाही. तोंड दिसत नाही म्हणूनच तुला सांगता येतंय.

मी लाजाळू आहे. लहानपणापासून. चार माणसं दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. आमच्या गावाजवळ हिंगोलीच्या रस्त्याला हळदीचा कारखाना आहे, तिथं मी ऑफिस झाडते, चहा करते, माठ भरते. माझ्यासमोर लोक काय वाटेल ते बोलतात, कारण मी कुठं बोलणार नाही हे सगळ्यांना माहीत. आणि एक बघ — गप्प बसणाऱ्या बाईला लोक खरी समजतात. "सुमन कशाला खोटं बोलंल? तिला खरं बोलायचं म्हणलं तरी घाम फुटतो," असं हसून म्हणायचे. ते हसणं मला आवडायचं. त्याचा पुढं काय उपयोग होणार होता, हे तेव्हा मला कळलं असतं तर? — पण असं लिहायला लागले की मी स्वतःला वाचवायला लागते. ते नको.

प्रयागबद्दल सांगते.

प्रयाग शेडमधे होती. हळकुंडं निवडणाऱ्या बायांची मुकादम. आवाज असा की पॉलिशचा ड्रम फिरत असला तरी तिचं बोलणं गेटपर्यंत यायचं. तिचा नवरा नामदेव शेळ्या-मेंढ्या राखायचा, तो जितका हळू तितकी ही मोठ्यानं. मी चहा घेऊन शेडमधे गेले की ओरडायची, "आल्या बघा आमच्या बाईसाहेब! सुमे, आज तरी तोंड उघड गं, दातं हायेत का न्हाई ते बघू दे आमाला." सगळ्या हसायच्या. मग मीही हसायचे, पदराआड. तिच्या चिडवण्यानं मला कधी लागलं नाही. माझ्याशी असं चिडवून बोलणारं या जगात दुसरं कोणी नव्हतं.

शनिवारी पगाराची पाकिटं वाटायचे. रोख. कोणी बाई आजारी असली, बाळंत असली, तर तिचं पाकीट प्रयाग घ्यायची आणि संध्याकाळी तिच्या घरी नेऊन द्यायची. मुकादमाचं ते कामच असतं. ती पाकिटं घेताना सगळ्यांनी पाहिलेलं होतं. हे ध्यानात ठेव.

मग बोटाचं मशीन आलं. बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की हजेरी. पण हळकुंडं निवडणाऱ्या बायांची बोटं झिजलेली असतात. वर्षानुवर्षं खरखरीत हळद घासून त्यांच्या बोटांवरच्या रेघाच जातात. मशीन त्यांना ओळखेना. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा. दिवसभर काम करून बाया गैरहजर! एक म्हातारी होती, ती मशीनसमोर रडायला लागली — म्हणाली, मी हाये की रं, मी हितंच हाये. तेव्हा प्रयागनंच तोड काढली. माझा डावा हात धरून हजेरीच्या बाबूसमोर नाचवला. "हिची बोटं बघा, लोण्यावानी. चहाच गाळती ना ही. चौघींची नावं हिच्या बोटांवर चढवा." बाबू हसला आणि त्यानं तसं केलं. मालकाला कळू नये म्हणून हे आम्हा तिघांतच ठेवलं, बायांना एवढंच सांगितलं की तुमची हजेरी लागते. माझा उजवा अंगठा माझा. डाव्या हाताची चार बोटं चार बायांची. सकाळी ऑफिस उघडलं की मी एकेक बोट ठेवायचे आणि चौघी हजर व्हायच्या. त्या खरंच शेडमधे बसलेल्या असायच्या. त्यात खोटं काही नव्हतं.

खोटं नंतर आलं.

पुढच्या हंगामात त्या चौघी एकेक करून गेल्या. दोघी नवऱ्यासोबत वीटभट्टीवर, एक पुण्याकडं लेकाजवळ, म्हातारी तिच्या गावी. मी बाबूला विचारलं, आता ही बोटं नको ना ठेवायला? तो म्हणाला, "राहू द्या. परत आल्या तर नाव लवकर मिळत न्हाई." शनिवारी त्यानं चहाच्या कपाखाली माझ्यासाठी नोट ठेवली. काहून ठेवली, मी विचारलं नाही. मला कळलं होतं. तू म्हणशील, अडाणी बाई, तिला काय कळणार — नाही. पहिल्याच शनिवारी कळलं होतं. चौघींची पाकिटं बाबूच्या खिशात जात होती आणि त्यातली एक नोट कपाखाली येत होती.

घरात अडचण होती का? होती, पण ज्याला त्याला असते तेवढीच. मी त्या पैशांची कानातली सोन्याची फुलं केली. हिंगोलीला जाऊन. औषध नाही, फी नाही. फुलं. लहानपणापासून मला हवी होती, एवढंच.

आता प्रयागच्या मुलीचं लग्न.

मुलीचं नाव सारिका. डोंगरकडा गावाकडचं स्थळ होतं. शेडमधल्या सगळ्या बायांनी त्या दिवशी सुट्टी टाकली, वजनाचा काटा बंद, शेड बंद. बाबूसुद्धा लग्नाला जाणार होता. मी मात्र नेहमीसारखी सकाळी गेले, ऑफिस उघडलं, झाडून घेतलं — आणि बोटं ठेवली. सवयीनं. माझा अंगठा, मग डाव्या हाताची चार. आज शेडच बंद आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हात आपोआप मशीनवर गेला, जसा तुळशीजवळून जाताना कपाळाला जातो.

मग कुलूप लावून घरी आले. लग्नाला जायचं मी ठरवलंच नव्हतं. एवढी माणसं, कुठं उभं राहायचं, हाताचं काय करायचं — मला ते जमत नाही. घरी येऊन टेकते न टेकते तोच दारात प्रयाग! नवरीची आई, नवं हिरवं लुगडं, हाताला ओली हळद, मांडव सोडून माझ्या दारात. माझं घर कारखान्याच्या पुढं आहे, गावापासून लांब. चालत आली होती.

"मला माहीत होतं तू येणार न्हाईस. लपून बसलीस व्हय? ऊठ."

मी म्हटलं, मला लुगडं नाही नीट.

"तुला कोण बघून राहिलंय? नवरीला बघतील का तुला? ऊठ म्हणते न."

फळीवरच्या डब्यात फुलं ठेवलेली होती, मी ती कधी घातलीच नव्हती. लोक विचारतील या भीतीनं. लुगडं काढताना डबा खाली पडला. तिनं फुलं उचलली, कुठून आली विचारलं नाही, आणि माझी हनुवटी धरून स्वतःच्या हातानं माझ्या कानात घातली. तिच्या बोटांची हळद माझ्या गालाला लागली. मागं सरून बघितलं आणि म्हणाली, "बघ की. माणसात आली." मग माझा हात धरून मला गावापर्यंत नेलं, लोक बघतील म्हणून मांडवाबाहेर हात सोडून मला मागून यायला सांगितलं, आणि शेवटपर्यंत आपल्या नजरेसमोर बसवलं. तिनं मला आणायला मांडव सोडला होता, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटेल म्हणून सांगितलं नसेल. मीही सांगितलं नाही.

तर प्रयाग त्या सकाळी कुठं होती, हे दोघींनाच माहीत होतं. तिला आणि मला.

पावसाळा संपता संपता प्रयाग गेली. कावीळ. हळदीत काम करणाऱ्या बाईचा पिवळेपणा कोणाला दिसणार? तिलाही दिसला नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा बाया चिडवत होत्या, मुकादमीण डोळ्यांतबी हळद भरून घरी नेऊन राहिली. तीही हसत होती. नांदेडला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी रडले. खरं रडले. हे लिहिताना भीती वाटते की तू म्हणशील तेही खोटंच असेल.

ती गेली त्याच महिन्यात बाबूनं ती चारही नावं काढून टाकली. कपाखालची नोट बंद झाली. मला वाटलं, मिटलं.

नंतर मालकाच्या लक्षात आलं की निवडलेल्या मालापेक्षा मजुरी जास्त गेली आहे. त्यांनी औरंगाबादहून तपासणीच्या एक मॅडम बोलावल्या. बारीक, चष्मा, आवाज हळू — माझ्यासारखाच. दिवसभर लॅपटॉपसमोर बसायच्या, माझा चहा गार व्हायचा. मशीनमधली हजेरी एका बाजूला, काट्यावरचं वजन दुसऱ्या बाजूला. आणि त्यांना तो दिवस सापडला. शेड बंद, एक किलोसुद्धा माल काट्यावर चढला नाही, आणि चार बाया हजर! त्या चौघी कुठं आहेत ते त्यांनी फोन करून शोधलं. चौघींनी सांगितलं, आम्ही कधीच काम सोडलं, आम्हाला दमडी मिळाली नाही. नावं काढली तरी त्या चौघींची म्हणून चढवलेली बोटं मशीनमधे अजून होती, म्हणून मॅडमनी ठरवलं — सगळ्यांची बोटं मशीनवर ठेवून बघायची. ज्याच्या बोटाला त्या चार नावांचा दिवा लागेल, तो सापडेल.

बाबू माठापाशी आला. पाणी पिता पिता म्हणाला, "बोटं घासून या." एवढंच.

मी घरी जाऊन न्हाणीत बसले. पाय घासायचा काळा दगड असतो ना, तो घेतला आणि डाव्या हाताची चार बोटं घासली. कातडी जाईपर्यंत. करंगळी आधी. करंगळीवर ती म्हातारी होती, मी हितंच हाये म्हणणारी. दुखत होतं आणि मी थांबत नव्हते. भीतीनं माणूस काय काय करतो — पण भीती होती म्हणून काय झालं? भीती त्या म्हातारीलाही होती, प्रयागलाही असेल. त्यांनी असं केलं नाही.

मॅडमनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या ऑफिसातल्या खुर्च्या मी रोज पुसते, बसले कधीच नव्हते. माझा उजवा अंगठा ठेवला, माझं नाव आलं. डावी बोटं ठेवली. लाल. लाल. सगळी लाल. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटी करून बघितली. "हे काय झालं?"

"भांडी घासून," मी म्हटलं.

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, अर्धं कळलं होतं. मग म्हणाल्या, "बाई, घाबरू नका. बाबू म्हणतात ती पाकिटं प्रयागबाई घ्यायच्या. त्या गेल्या आणि ही नावंही गेली, ते जुळतं. पण मला एक पटत नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी आई कारखान्यात कशाला येईल? त्या दिवशी ऑफिस तुम्ही उघडलं. प्रयागबाई आल्या होत्या का?"

बघ, दार उघडं होतं. त्यांनी उघडून धरलं होतं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण आलं होतं? मी काहीच बोलले नसते तरी चाललं असतं. आयुष्यभर गप्प राहिलेली बाई. त्या एका वेळी गप्प बसले असते तर प्रयागचं नाव वाचलं असतं.

मी तोंड उघडलं. "व्हय," म्हटलं. "आली होती. सकाळीच. मी पाहिलं तिला."

त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. माझा आवाज फुटला नाही, घाम आला नाही. आणि बाहेर मालक कुणाला तरी म्हणाले, सुमन म्हणती म्हणल्यावर खरंच असंल.

हा माझा गुन्हा. पैसे खाल्ले तो वेगळा. मेलेल्या मैत्रिणीला चोर केलं. आणि त्यासाठी कोणती सकाळ वापरली? — ती मला घ्यायला आली होती ती.

नामदेवला बोलावलं. तो चपला बाहेर काढून आला, टोपी हातात. मालकांनी सांगितलं — दोन लाखांच्या वर रक्कम आहे, परत मिळाली तर पोलिसात जात नाही. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्याला वाटलं आपल्याला ऐकूच नीट आलं नाही. "न्हाई जी," म्हणाला, "ती तसली न्हवती. दुसऱ्याचं पाकीट रातीला घरात ठेवत न्हवती ती, अंधारात नेऊन द्यायची." मालक म्हणाले, लग्नाच्या दिवशी सकाळी ती मांडवात होती का, ते आठवून सांग.

तो आठवायला लागला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आठवत आठवत त्याचं तोंड कसं उतरत गेलं ते मी पाहिलं.

"गेली होती जी," तो म्हणाला. "हळदीच्या हातानं गेली. आलेच म्हणली. कुठं ते न्हाई सांगितलं. गडबडीत म्या बी न्हाई इचारलं."

मग माझ्याकडं वळला. "बाई, तुमी तिच्या जवळच्या. तुमाला काय बोलली होती का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी ट्रे पुढं केला. त्यानं चहा घेतला नाही.

मग म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या मागं देणं ठेवू नये. जीव अडकतो तिचा. मी फेडतो." मॅडम खाली बघत होत्या. बाबूला दुर्लक्ष केलं म्हणून काढून टाकलं, त्याला नांदेडला दुसरी नोकरी लागली. त्याच्याकडून कुणी एक रुपया मागितला नाही.

नामदेवनं आधी बोकड विकले, मग मेंढ्या, मग गाभण शेळ्यासुद्धा. कळमनुरीच्या बाजारात गाभण शेळी नेणारा माणूस अडलेला आहे हे गिऱ्हाईकाला लगेच कळतं, भाव पडतो. मग तो दुसऱ्यांची जनावरं राखायला लागला. दर महिन्याला ऑफिसात यायचा, मी त्याला पाणी द्यायचे. सारिकाला सासरी टोमणे मिळायला लागले. एकदा ती गेटपर्यंत आली आणि मला म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नासाठी केलं असंल का हो आईनं?" तिला तेच खरं वाटत होतं. आई चोर होती, पण माझ्यासाठी झाली — यावर ती जगत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बोटं तोवर भरून आली होती, रेघा परत आल्या होत्या.

फुलं घेऊन मी एकदा सोनाराकडं गेले होते, विकून गुपचूप नामदेवच्या दारात पैसे टाकावे म्हणून. दुकानाच्या पायरीवरून परत आले. कोणी विचारलं तर काय सांगू, म्हणून. फुलं अजून माझ्याकडं आहेत.

या आठवड्यात नामदेव शेवटचे पैसे घेऊन आला. रुमालात बांधलेले होते, गाठ सुटेना, दातानं सोडवली. नव्या बाबूनं मोजले आणि सांगितलं, झालं. नामदेवनं विचारलं, "आता तिच्या नावावर काय न्हाई ना?" बाबू म्हणाला, काही नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "कुठंच न्हाई?" बाबूला हसू आलं. "कुठंच न्हाई, काका."

बाहेर मी कप धुत होते. तो नळापाशी थांबला. खूप म्हातारा दिसत होता. म्हणाला, "सुटली बाई ती." मी मान हलवली. तो रस्त्याला लागला. पूर्वी त्याच्या पुढं शेळ्या असायच्या, आता हातात नुसती काठी होती.

मालकाचे पैसे पुरे फिटले. सगळे नामदेवनं फेडले.